घड्याळांची जंत्री

पुण्या-नाशिकच्या ज्या घरातली मुलं न्यू जर्सीला नोकरीला आहेत, त्या घरात एक हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो. हिवाळ्यात तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा फरक पालटतो. आईवडिलांच्या लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही, कारण मोबाइलवर मुलाच्या शहराचं घड्याळ लावलेलं असतं आणि ते त्या रात्री बरोबर एक तास सरकतं. हिंजवडीत अमेरिकन कंपनीच्या वेळेवर काम करणाऱ्यांच्या मीटिंगासुद्धा तशाच सरकतात. कोणी बटण दाबलेलं नसतं.

फोनला हे कळतं ते त्याच्या पोटात असलेल्या एका यादीमुळे. जगाच्या कोणत्या भागातली घड्याळं कधी पुढे गेली, कधी मागे आली, किती मिनिटांनी, आणि यापुढे कधी सरकणार आहेत, याची ही यादी. तिचं नाव टाइम झोन डेटाबेस. जाणकार नुसतं ‘टीझेड’ म्हणतात. अँड्रॉइड आणि आयफोन, मॅक आणि लिनक्स, जावा आणि पायथन, मोठमोठे डेटाबेस सर्व्हर, सगळे हीच यादी वाचतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची यादी तेवढी वेगळी आहे. एवढ्या पसाऱ्याचा भार वाहणारी ही यादी साध्या मजकुराची आहे. खंडांप्रमाणे फाइली आहेत: आफ्रिका, आशिया, युरोप, उत्तर अमेरिका वगैरे. सगळ्या दाबून एकत्र बांधल्या तर अर्धा मेगाबाइटही भरत नाही. ती सार्वजनिक मालकीची आहे. कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, कोणाला विचारायची गरज नाही.

या यादीचे समन्वयक आहेत पॉल एगर्ट. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं संगणकशास्त्र शिकवलं. १९९०च्या दशकापासून ते या यादीत भर घालत आले आहेत आणि २०११-१२ पासून तिची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक हातात जंत्री घेतल्याशिवाय एखाद्या पत्राची तारीख लावू शकत नाही. हिजरी, शक आणि इसवी सनांचा मेळ त्याला तिथे सापडतो. एगर्ट जगातल्या घड्याळांची जंत्री ठेवतात.

संगणकाच्या लेखी वेळ म्हणजे सेकंदांची मोजणी. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या वेळेनुसार मध्यरात्री शून्य धरायचं आणि पुढे मोजत जायचं, हा युनिक्स प्रणालीचा संकेत. हा आकडा मुंबईत, माद्रिदमध्ये आणि मेलबर्नमध्ये एकच असतो. माणसाला मात्र ‘सकाळचे नऊ’ हवे असतात, आणि आकड्यावरून नऊ काढायचे तर त्या जागी त्या दिवशी घड्याळ ग्रीनिचच्या किती पुढे वा मागे होतं हे ठाऊक हवं. भारतात हे सोपं वाटतं, कारण आपलं घड्याळ १९४५ पासून साडेपाच तासांवर स्थिर आहे. जगाचा मोठा भाग असा स्थिर नाही. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे न्यायचं, हिवाळ्यात मागे आणायचं, ही पद्धत कोणी स्वीकारतं, कोणी सोडतं, कोणी सोडून पुन्हा स्वीकारतं. इजिप्तने २०१६ साली ठरलेला बदल अगदी ऐनवेळी रद्द केला आणि २०२३ साली ती पद्धत परत आणली. उत्तर कोरियाने २०१५ साली घड्याळ अर्धा तास मागे नेलं आणि २०१८ साली पूर्ववत केलं. व्हेनेझुएलाने २००७ साली अर्ध्या तासाचा फरक केला, २०१६ साली तो काढला. समोआने २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी मारली.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये हे नियम प्रोग्रॅमच्या आत कोरलेले होते, आणि तेही मुख्यतः अमेरिकेचे. कायदा बदलला की प्रोग्रॅम बदलावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी त्यावर उपाय काढला. ओल्सन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, कर्करोगाच्या विभागात, प्रोग्रॅमर होते. त्यांनी नियम प्रोग्रॅममधून बाहेर काढले आणि माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहिले. मग तो मजकूर यंत्राला समजेल अशा रूपात बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आता नियम बदलला की मजकुरातली एक ओळ बदलायची, पुन्हा रूपांतर करायचं, संपलं. जगभरातले प्रोग्रॅमर आपापल्या देशाच्या ओळी पाठवू लागले. संस्थेच्या एका सर्व्हरवर, ओल्सन यांच्या देखरेखीखाली, ही यादी पंचवीसेक वर्षं वाढत गेली.

एगर्ट यांचा प्रवेश होतो तो याच वाढीच्या काळात. त्यांचं नाव सामान्य वाचकाने ऐकलेलं नसणार, पण ज्याने लिनक्सवर काम केलं आहे त्याने त्यांचं काम रोज वापरलं आहे. दोन फाइलींमधला फरक दाखवणारं ‘डिफ’, मजकुराच्या ओळी क्रमाने लावणारं ‘सॉर्ट’, फाइल दाबणारं ‘जीझिप’, ‘ईमॅक्स’ हा जुना आणि अजून तरुण असलेला संपादक, या सगळ्यांत त्यांचा हात आहे. लिनक्सच्या मूळ सी-ग्रंथालयात वर्ष-महिना-दिवस-तास यांवरून सेकंदांचा आकडा काढणारं जे फलन आहे, तेही त्यांनी दिलेलं. ही सारी कामं एका जातीची आहेत. नीट चालत असतील तर त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. अशा कामांत आयुष्याची तीन-साडेतीन दशकं घालवणारा माणूस कशाला महत्त्व देतो, हे समजून घ्यायचं तर त्याच्या कोडपेक्षा त्याने कोडशेजारी लिहिलेल्या टिपा वाचाव्यात असं मला वाटतं.

टीझेडच्या फाइलीत ओळी दोन प्रकारच्या असतात. एक यंत्रासाठी, एक माणसासाठी. यंत्राच्या ओळी रुक्ष असतात: विभागाचं नाव, ग्रीनिचपासूनचं अंतर, नियम, कधीपर्यंत. भारताचा विभाग कोलकात्याच्या नावाने आहे, ‘एशिया/कोलकाता’. पुण्यात सर्व्हर लावणाऱ्या प्रत्येकाने हे नाव कधी ना कधी टाइप केलेलं असतं. त्याखाली हावड्याच्या वेळेची ओळ येते, मग मद्रासच्या वेळेची, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. १९०६ च्या आरंभापासून साडेपाच तास. मग दुसऱ्या महायुद्धातला एक तासाचा वाढावा, १५ ऑक्टोबर १९४५ रोजी तो संपतो, आणि तिथून पुढे आजपर्यंत काही नाही.

या ओळींच्या वर माणसांसाठी लिहिलेला मजकूर आहे आणि खरी श्रीमंती तिथे आहे. भारतातल्या जुन्या वेळांचा माग काढणं किती कठीण आहे हे एगर्ट तिथे सांगून टाकतात, आणि पुरावा म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या मद्रास वेधशाळेचं उदाहरण देतात. ती वेधशाळा चुंबकीय निरीक्षणं जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या वेळेने करी, हवामानाची निरीक्षणं मद्रासच्या वेळेने. बंदरातल्या जहाजांना खूण म्हणून जो गोळा खाली सोडला जाई तो ग्रीनिचच्या वेळेने, आणि शहराला वेळ कळवली जाई ती स्थानिक. एकाच इमारतीत इतक्या वेळा. हे त्यांनी एका पुस्तकाच्या तळटीपेतून उचललं आहे, आणि पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान, तळटीपेचा क्रमांक, सगळं दिलं आहे.

हीच रीत फाइलभर आहे. प्रत्येक देशाच्या ओळींवर कोणी, कोणत्या तारखेला, कशाच्या आधाराने माहिती कळवली याची नोंद. कुठे सरकारी राजपत्राचा दाखला, कुठे वृत्तपत्राच्या कात्रणाचा, कुठे त्या देशात राहणाऱ्या माणसाच्या पत्राचा. दोन आधार एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही दिलेले, आणि आपण कोणता का निवडला ते खाली. खात्री नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. प्रकल्पाच्या तात्त्विक टिपणात तर सरळच म्हटलं आहे की १९७० पूर्वीच्या पुष्कळशा नोंदींवर विसंबू नये. ज्या यादीवर कोट्यवधी यंत्रं डोळे मिटून विश्वास ठेवतात, तिच्या कर्त्यांनी आपल्या शंका त्याच यादीत लिहून ठेवाव्यात, याला मी या प्रकल्पातली सर्वांत मोठी कमाई मानतो. आकडे कोणीही गोळा करील. आकडा कुठून आला आणि किती भरवशाचा आहे, हे पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी वाचकासाठी लिहून ठेवायला वेगळी शिस्त लागते. ती शिस्त टिकवण्याचं काम एगर्ट यांनी केलं.

या शिस्तीचं दुसरं अंग अधिक अवघड आहे. यादीत लिहायचं ते माणसं घड्याळात खरोखर काय वेळ लावतात ते. कोणी काय लावायला हवी ते लिहायचं नाही. म्हणून विभागांना देशांची नावं नाहीत, शहरांची आहेत. देश फुटतात, जुळतात, नावं बदलतात, सीमांवरून लढतात. शहर सहसा जागच्या जागी राहतं. गाझा आणि हेब्रॉन यांचे दोन विभाग आहेत, कारण तिथल्या दोन सत्तांनी एकेकाळी उन्हाळी वेळ वेगवेगळ्या तारखांना संपवली. चीनच्या झिनजियांग प्रांतात तर एकाच शहरात दोन वेळा चालतात. सरकारी कचेऱ्या आणि हान चिनी लोक बीजिंगची वेळ पाळतात; उइगुर समाजात तिच्या दोन तास मागची वेळ चालते. टीझेडमध्ये दोन्ही आहेत. तिथला माणूस उरुमचीची निवड करू शकतो किंवा शांघायची. यादी कोणाचीही बाजू घेत नाही, आणि बाजू न घेणं टिकवण्यासाठी समन्वयकाला सतत पत्रं लिहावी लागतात.

शहराचं नाव बदललं तरी यादी लगेच धावत नाही. कोलकात्याचं नाव अधिकृतपणे २००१ साली बदललं. यादीत ‘कॅलकटा’ जाऊन ‘कोलकाता’ आलं २००८ साली. युक्रेनच्या राजधानीचं ‘कीव्ह’ हे युक्रेनी वळणाचं रूप आलं ते २०२२ साली, अनेक वर्षांच्या मागणीनंतर. जुनं नावही पुसत नाहीत. ते पर्यायी नाव म्हणून वेगळ्या फाइलीत राहतं, कारण कुठल्या तरी बँकेच्या जुन्या यंत्रात अजून तेच टाइप केलेलं असतं. हा संथपणा अनेकांना खटकतो. ज्यांच्या शहराच्या नावामागे अपमान वा अभिमान जोडलेला असतो त्यांना तो खटकणारच. पण ज्या वस्तूवर दुसऱ्यांची घरं उभी आहेत ती हलवताना हात जपूनच चालला पाहिजे.

मात्र सरकारं स्वतः जपून चालत नाहीत तेव्हा काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०२३ चा लेबनॉन. तिथे २६ मार्चला घड्याळं एक तास पुढे जायची होती. २३ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं की रमजान असल्याने हा बदल जवळपास महिनाभर पुढे ढकलला आहे. त्याच दिवशी टीझेडची नवी आवृत्ती निघाली. आवृत्त्यांना वर्ष आणि अक्षर असतं. ही होती ‘२०२३ बी’. पण लेबनॉनमधल्या मॅरोनाइट चर्चने हा निर्णय मानायला नकार दिला. काही शाळांनी आणि वाहिन्यांनी ठरल्या दिवशी घड्याळं पुढे नेली. छोट्याशा देशात दोन वेळा सुरू झाल्या आणि कोण कोणती पाळतो यावरून त्याचा धर्म आणि पक्ष ओळखला जाऊ लागला. २७ मार्चला मंत्रिमंडळाने माघार घेतली. २९ च्या रात्री सगळीकडे घड्याळं पुढे जातील असं ठरलं.

आता यादीने काय लिहायचं? कायद्याप्रमाणे पाहिलं तर मधल्या चार दिवसांसाठी वेगळी ओळ हवी. पण त्या चार दिवसांत अनेकांनी ती वेळ पाळलेलीच नव्हती, आणि कित्येक फोन जुन्या यादीप्रमाणे आधीच पुढे गेले होते. २८ मार्चला ‘२०२३ सी’ आली. तिने लेबनॉनची नोंद ‘२०२३ ए’ मध्ये होती तशी परत ठेवली, जणू सरकारने मध्ये काही केलंच नव्हतं, आणि सोबतच्या टिपणात त्या घोळाचा घोळ म्हणूनच उल्लेख केला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. अचूकतेच्या हट्टाने चार दिवसांची ओळ घातली असती तर ती यंत्रांपर्यंत पोहोचेपर्यंत ते चार दिवस संपलेले असते, आणि उशिरा पोहोचलेल्या दुरुस्तीने नवाच गोंधळ घातला असता.

कारण यादी सुधारली म्हणजे घड्याळ सुधारलं असं नाही. एगर्ट नवी आवृत्ती काढतात, तिच्यावर आपली डिजिटल सही करतात. मग लिनक्सच्या वितरणांचे कर्ते ती उचलतात, गुगल-अ‍ॅपल आपल्या पद्धतीने उचलतात, जावावाले आपल्या, आणि मग कंपन्यांचे प्रशासक, आणि शेवटी ज्याचा फोन अपडेट होतो तो माणूस. २०१५ साली तुर्कस्तानने १ नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी घड्याळं मागे आणण्याची तारीख २५ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर नेली. टीझेडमध्ये ही दुरुस्ती १ ऑक्टोबरलाच आली होती. तरीही २५ तारखेच्या सकाळी कित्येकांचे फोन एक तास मागे गेले आणि लोक एकमेकांना खरे किती वाजले विचारत बसले. म्हणूनच प्रकल्पाची सरकारांना एक नम्र विनंती असते: बदल करायचा असेल तर पुष्कळ आधी कळवा. तिचा उपयोग होतो कधी कधी.

मोरोक्कोने तर २०१८ साली २६ ऑक्टोबरला, बदलाच्या दोन दिवस आधी, जाहीर केलं की उन्हाळी वेळ आता वर्षभर राहील. नवी आवृत्ती त्याच दिवशी निघाली. पण मोरोक्कोत रमजानच्या महिन्यात घड्याळ एक तास मागे नेतात, आणि रमजान चांद्रमासाचा, म्हणजे दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येणारा. यंत्राला तर आधीच तारखा हव्यात. एगर्ट यांनी ईमॅक्स संपादकातल्या पंचांगाच्या सोयीला हाताशी धरून छोटं गणित लिहिलं, आणि पुढच्या रमजानांच्या तारखांवरून घड्याळ कधी मागे-पुढे जाईल याच्या ओळी तयार केल्या. त्या ओळी २०८७ सालापर्यंत जातात. हे अंदाज आहेत, चंद्रदर्शनाने वा सरकारच्या मर्जीने एखादा चुकेल, हेही तिथे लिहिलेलं आहे, आणि गणितही लिहिलेलं आहे, म्हणजे उद्या कोणाला ते पुन्हा करून पाहता येईल. अधिकमास आणि क्षयतिथींवर पोसलेल्या आपल्या वाचकांना या खटाटोपाचं मोल वेगळं सांगायला नको.

पंचांगावरून ज्योतिषाकडे वळणं इथे क्रमप्राप्त आहे, कारण या प्रकल्पाचं अस्तित्व धोक्यात आलं ते एका ज्योतिषविषयक कंपनीमुळे. कुंडली मांडायला जन्मवेळ लागते, आणि जन्मवेळ घड्याळातली असते, म्हणून ते घड्याळ त्या दिवशी कुठे होतं हे ज्योतिषाला कळावंच लागतं. आपल्याकडचे जाणते ज्योतिषी आजही सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधल्या जन्मवेळेतून युद्धाचा एक तास वजा करतात. अमेरिकेत याच गरजेपोटी थॉमस शँक्स यांनी जगभरच्या जुन्या वेळांचे मोठे कोश तयार केले. टीझेडच्या जुन्या नोंदींपैकी बऱ्याच शँक्स यांच्या आधाराने आल्या, आणि टिपांमध्ये तसं उघड लिहिलेलंही होतं.

३० सप्टेंबर २०११ रोजी अ‍ॅस्ट्रोलेब या कंपनीने बॉस्टनच्या संघीय न्यायालयात ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर वैयक्तिक दावा लावला. आपल्या मालकीच्या कोशातली माहिती त्यांनी घेतली, हा आरोप. आठवडाभरात, ६ ऑक्टोबरला, आरोग्य संस्थेच्या सर्व्हरवरची यादी बंद झाली. पंचवीस वर्षं अखंड चाललेली गोष्ट एका दिवसात दिसेनाशी झाली. प्रती जगभर होत्या, त्यामुळे घड्याळं थांबली नाहीत. पण पुढची दुरुस्ती कुठून येणार, हा प्रश्न त्या आठवड्यात अगदी खरा होता. १४ ऑक्टोबरला इंटरनेटच्या नावा-क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने यादीला आसरा दिला. ओल्सन यांच्या निवृत्तीचा विचार करून अशा हस्तांतराची तयारी आधीपासून चालली होती, म्हणून ते इतक्या लवकर जमलं. दोघांच्या बाजूने इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन उभं राहिलं. वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात सांगितलेलंच होतं. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी कंपनीने दावा मागे घेतला, माफी मागितली, आणि पुन्हा असा दावा न करण्याचं लिहून दिलं.

त्याच महिन्यात या यादीचा कारभार कसा चालावा याचं एक लेखी टिपण इंटरनेटच्या मानकांमध्ये दाखल झालं. एलियट लिअर आणि पॉल एगर्ट हे त्याचे लेखक. एक समन्वयक असावा, त्याने सगळ्यांचं ऐकावं, निर्णय त्याचा असावा, आणि त्याचा निर्णय अमान्य असेल तर दाद कुठे मागायची तेही ठरलेलं असावं. एका माणसाच्या सवयीवर चाललेलं काम तेव्हा पहिल्यांदा एका पदाचं काम झालं. त्या पदावर बसले एगर्टच.

त्यांच्या निर्णयाला दाद मागण्याची वेळही आली. यादीचा मूळ नियम असा की १९७० पासून ज्या दोन जागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांना स्वतंत्र विभाग नको. १९७० ही संगणकाच्या मोजणीची सुरुवात, म्हणून ती रेघ. पण जुन्या काळी हा नियम सगळीकडे सारखा पाळला गेला नव्हता. ओस्लो, स्टॉकहोम, अ‍ॅम्स्टरडॅम यांच्या १९७० पूर्वीच्या नोंदी स्वतंत्र राहिल्या होत्या. आफ्रिकेतल्या अनेक शहरांच्या मात्र शेजारच्या शहरात मिसळल्या गेल्या होत्या. २०२१ साली एगर्ट यांनी युरोपलाही तोच नियम लावायचं ठरवलं: नॉर्वेला एक न्याय आणि आफ्रिकेतल्या देशाला दुसरा, हे चालणार नाही. मोठा विरोध झाला. जावाच्या कालगणनेवर काम करणाऱ्यांनी आणि इतरांनी हरकत घेतली की असलेली खरी माहिती काढून टाकून समता आणण्यात अर्थ नाही. नॉर्वेतल्या १९४०च्या दशकातल्या वेळा आता बर्लिनच्या निघतील. प्रकल्प फुटेल अशीही बोलणी झाली. एगर्ट यांनी सगळं एका दमात न करता थोडं त्या वर्षी, बरंचसं २०२२ साली केलं, आणि जुन्या नोंदी फेकून न देता ‘बॅकझोन’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवल्या. ज्याला हव्यात त्याने यादी बांधताना त्या सामील करून घ्याव्यात. मला दोन्ही बाजू पटतात. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे त्यांचं म्हणणं न्यायाचं आहे. पण खालच्या देशांच्या नोंदी वर आणून समता साधता आली असती तर अधिक बरं झालं असतं, आणि ते काम करायला माणसं नाहीत ही यातली खरी अडचण आहे.

या १९७० च्या रेघेने आपलंही एक मोठं प्रकरण यादीबाहेर ठेवलं आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती: ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेने चालत असतानाही शहर आपली वेळ धरून होतं. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या राजवटीत सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला तो शहराने हाणून पाडला. १९०६ साली साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. कारण घड्याळ पुढे गेलं की गिरणीचा भोंगा अंधारात वाजणार होता. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबई टाइम सोडला नाही. शहरात वेळ सांगताना ‘स्टँडर्ड की मुंबई’ असं विचारण्याची एका पिढीची सवय होती.

टीझेडच्या आशियाच्या फाइलीत या प्रकरणाची दखल आहे, पण टिपेत: १९०६ च्या जानेवारीत मुंबईच्या वेशीवर हजारो गिरणी कामगारांनी केलेल्या दंगलीचा उतारा तिथे एका लेखातून दिलेला आहे. यंत्र वाचेल अशी मुंबईची ओळ नाही. १९३० साली मुंबईत लागलेल्या घड्याळात किती वाजले होते असं आज संगणकाला विचारलं तर तो साडेपाच तासांच्या हिशोबाने उत्तर देईल, आणि महापालिकेच्या घड्याळापुरतं ते उत्तर ३९ मिनिटांनी चुकेल.

एगर्ट यांना दोष देण्यासारखं यात काही नाही. त्यांचा नियम १९७० नंतरच्या यंत्रांसाठी आहे आणि ते तो सगळ्यांना सारखा लावतात. पण यादीचा साचा सर्वांना खुला आहे, रूपांतराचा प्रोग्रॅम फुकट आहे, आणि स्वतःची ओळ लिहून स्वतःच्या यंत्रावर बांधायला कोणाची परवानगी लागत नाही. जुन्या कोर्टकज्ज्यांवर, गिरण्यांच्या हजेरीपटांवर, रेल्वेच्या अपघातांच्या चौकश्यांवर काम करणाऱ्या मराठी संशोधकाला अशी ओळ रोज उपयोगी पडेल. साधनं मुंबईतच आहेत: महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं, जीआयपी आणि बीबीसीआय या दोन रेल्वेंची वेळापत्रकं, त्या काळची मराठी-गुजराती-इंग्रजी वर्तमानपत्रं.

मात्र बसून लिहायला घेतलं की कळेल, मुंबईला एक ओळ पुरणार नाही. १९०६ नंतर रेल्वे स्थानकावरचं घड्याळ एक वाजवत होतं आणि महापालिकेचं दुसरं. त्यामुळे उरुमची आणि शांघायसारखे दोन विभाग करावे लागतील, एक रेल्वेचा आणि एक शहराचा, आणि दोन्हींच्या वर कोणत्या कागदाच्या आधाराने कोणती तारीख घेतली ते लिहावं लागेल.